वृद्धाश्रमात साथ येण्याआधी: गाऊन-ग्लोव्हज काढायची जागा ठरवा

मास्क, ग्लोव्हज, सॅनिटायझर आणा म्हणून सांगावं लागत नाही. ठरवायची राहते ती हे सगळं काढायची जागा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडे पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असतात, एका आजीचा खोकला खोलीभर पसरतो, आणि मावशी तेच ग्लोव्हज घालून पुढच्या खाटेपाशी जाते, कारण बादली लांब. म्हणून आजारी माणसाच्या खोलीत, आतल्या बाजूला, दाराशीच पायाने उघडणाऱ्या दोन बादल्या हव्यात. ग्लोव्हज आणि प्लॅस्टिक एप्रन लाल पिशवीत, एकदाच वापरायचा गाऊन पिवळ्या पिशवीत. सॅनिटायझर चौकटीलाच टांगा. मास्क मात्र बाहेर येऊन, दार ओढून मगच काढायचा. त्यापुरती एक छोटी पिवळी बादली बाहेर.

क्रम दारावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा: ग्लोव्हज, हात साफ, गाऊन आतली बाजू बाहेर गुंडाळत, हात साफ, बाहेर मास्क मागच्या दोऱ्यांनी, पुन्हा हात साफ. नुसतं वाचून दाखवू नका. ग्लोव्हजना कुंकवाचं पाणी लावून प्रत्येकीला काढायला लावा. मनगटावर लाल दिसलं की चूक तिची तिला कळते. ही तालीम त्याच दाराशी, त्याच बादल्यांपाशी घ्या. ऑफिसात घेऊन काय उपयोग?

कापडी गाऊन जुलैत वाळत नाहीत आणि ओलसर गाऊन अंगाचं रक्षण करत नाही. वर प्लॅस्टिक एप्रन घाला.

हायपोच्या (सोडियम हायपोक्लोराइट, जंतुनाशक ब्लीच) बाटलीवरचा टक्का वाचा. 5 टक्के असेल तर 1 भाग हायपो, 4 भाग पाणी, म्हणजे 1 टक्का. रोज सकाळी नवं करा, कालचं ओतून द्या. रक्त सांडलं तर आधी टिपून घ्या, मग हायपो ओतून 10 मिनिटं थांबा. संडासच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

जुलाबाच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबू नका. साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद. खरूज निघाली तर डॉक्टरांना विचारून खोलीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम, अंथरुणं गरम पाण्यात.

फ्लूची लस दरवर्षी. खोकणारे पाहुणे फोनवर बोलतील. कचरा 48 तासांवर ठेवायचा नाही. रुग्णाची खोली बदललीत तर बादल्या आधी हलवा, खाट नंतर.