लॉनमध्ये क्लोव्हर लावताय? या चुका टाळा

न्यू जर्सीच्या हवेत पांढरा क्लोव्हर (गवतात जमिनीलगत पसरणारं, तीन-तीन पानांचं रोप) खरं तर सहज येतो. तो उगवत नसेल किंवा उगवून मरत असेल, तर आधी गवतासाठी वापरलेल्या खताच्या आणि तणनाशकाच्या पिशव्या तपासा. बियाण्याला दोष नंतर द्या.

'वीड अँड फीड' म्हणजे तणनाशक मिसळलेलं खत. त्यातलं टू-फोर-डी किंवा डायकांबा हे तणनाशक रुंद पानांची झाडं मारतं, आणि क्लोव्हर त्यांच्यातलाच. (१९४०च्या दशकात टू-फोर-डी बाजारात येईपर्यंत अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर मुद्दाम मिसळत. औषधानं तो मरू लागला आणि मग 'तण' ठरला!) क्रॅबग्रास हे तणगवत उगवू नये म्हणून वसंतात टाकलेलं प्रोडायमिन हे तणनाशकही क्लोव्हरचं बी रुजू देत नाही. ते टाकलं असेल, तर पिशवीवर दिलेली मुदत संपल्याशिवाय पेरू नका.

दुसरी चूक बी खोल गाडण्याची. मोहरीहूनही बारीक बी ते. पाव इंचाखाली गेलं की कोंब वर येत नाही. गवत दीड-दोन इंचांवर कापा, माती दिसेपर्यंत दंताळं फिरवा. हजार चौरस फुटांना ६० ते ११० ग्रॅम बी पुरतं. ते चौपट कोरड्या रेतीत मिसळून एकदा उभं, एकदा आडवं फोका आणि वरून पायानं दाबा. दोन आठवडे वरचा थर ओला ठेवा, पण धो-धो पाणी सोडू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. एप्रिल-मे किंवा मध्य ऑगस्ट ते मध्य सप्टेंबर ही पेरणीची वेळ. ऑक्टोबरमधली रोपं मुळं धरण्याआधीच हिमात सापडतात.

उगवलं पण पिवळं पडलं? मातीचा सामू (pH) ६ ते ७ आहे का बघा. मग एक रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आतून गुलाबी असेल तर गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. गाठीच नसतील, तर पुढच्या पेरणीत बियाण्याला क्लोव्हरचंच रायझोबियम (याच जिवाणूंचं खत) चोळा. सोयाबीनचं चालत नाही. युरिया मात्र नको. नत्र मिळालं की गवत जोर धरतं आणि क्लोव्हर मागे पडतो.

उतारावर नुसता क्लोव्हर लावू नका. हिवाळ्यात पानं झडून माती उघडी पडते. सोबत टॉल फेस्क्यू हे लॉनचं गवत हवंच. मुलं अनवाणी खेळत असतील, तर मधमाश्या येण्याआधी फुलं तीन इंचांवर छाटा.

पुण्या-नागपुरात हा उद्योग करू नका, एप्रिल-मेच्या उन्हात तो टिकत नाही. आणि तिकडच्या कुंडीत आपोआप उगवलेलं तीन पानांचं रोप बहुधा आंबुटी असतं: पान बदामाच्या आकाराचं, चवीला आंबट, फूल पिवळं.