मे महिन्याच्या दुपारी मुलांसोबत स्लाइम: टाकणखार घालताना कुठे थांबायचं

सोलापुरात मे महिन्यात सकाळी दहानंतर पोरांना अंगणात सोडता येत नाही. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि ऊन उतरेपर्यंत सगळी घरात. सुट्टीला भाचरं आली की आमच्याकडे दर वर्षी स्लाइम, म्हणजे हाताने ताणायचा लिबलिबीत गोळा, होतो. इतक्या वेळा केल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते. शाम्पूत मीठ घाला, टूथपेस्ट फ्रीजमध्ये ठेवा असं सांगणारे व्हिडिओ बघत बसू नका. मिठाने शाम्पू दाट होतो, पण ताणला की तुटतो. मुलं अर्धा तास ढवळतात आणि शेवटी हिरमुसून बसतात. फेविकॉलसारख्या गोंदातल्या लांबच लांब साखळ्या टाकणखारातल्या (म्हणजे बोरॅक्समधल्या) बोरेटने एकमेकींना बांधल्या गेल्या तरच स्लाइम ताणला जातो. त्याला पर्याय नाही.

सामान थोडंच लागतं: 100 ग्रॅम पांढरा फेविकॉल, तेवढंच पाणी, खायच्या रंगाचे दोन थेंब आणि टाकणखार. वहीला कागद चिकटवायचा डिंक किंवा घरची खळ इथे उपयोगाची नाही.

टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. मागताना कच्चा मागा, लाही नको. लाही भाजून फुलवलेली असते, तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे चमच्याचं माप चुकतं. घरातली आजी म्हणेल, ‘अगं, ही लाही तर आम्ही मधातून चाटवायचो की!’ चाटवत असतील, तरी टाकणखार मुलांच्या पोटात जाऊ द्यायचा नाही. पावडर मोठ्यांनीच हाताळायची, पाणीही मोठ्यांनीच करायचं, आणि त्यासाठी वापरलेला कप-चमचा परत स्वयंपाकात घ्यायचा नाही. हाताला खरचटलेलं असेल तर त्या दिवशी खेळ नाही. खेळून झालं की साबणाने हात धुवायचे. ज्या मुलांचे हात अजून तोंडात जातात, त्यांना हा स्लाइम देऊच नका. त्यांच्यासाठी दोन वाट्या कॉर्नफ्लॉवरमध्ये एक वाटी पाणी कालवा. मुठीत दाबलं की घट्ट, मूठ उघडली की बोटांतून वाहतं. धाकटी त्यातच रमतात.

फेविकॉल, पाणी आणि रंग एकजीव करा. हे काम मुलांचं.

दुसऱ्या भांड्यात एक कप कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा, सपाट मापून, टाकणखार विरघळवा. तळाशी कण राहू देऊ नका, नाहीतर स्लाइममध्ये खडे लागतात. मग पाणी गार होऊ द्या.

आता खरी परीक्षा. बहुतेकांचा स्लाइम इथेच बिघडतो, माझाही सलग दोन सुट्ट्या बिघडला होता. तेव्हा आम्ही वरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचो. टाकणखाराचं पाणी घातलं तरी स्लाइम हातातून ओघळतच राहायचा. पोरं ओरडायची, ‘आत्या, पळतंय की हे! अजून टाक की!’ मी टाकत गेले. रात्री गार झाल्यावर बघितलं, तर रबराचा गोळा. ओढला की फटकन तुटायचा. धाकटी भाची तो गोळा हातात घेऊन रडली, ते मी विसरलेले नाही.

चूक मापाची नव्हती, उकाड्याची होती. उष्णतेने स्लाइममधली बांधणी सैल पडते, म्हणून तो कच्चा वाटतो. आपण त्याला आणखी टाकणखार पाजतो आणि गार होताच तो आखडतो. म्हणून आता मी तळमजल्यावर, फरशीवर, खिडक्या लावून बसवते. फेविकॉलमध्ये आधी टाकणखाराचं तीन-चार चमचे पाणी घालायचं आणि ढवळायचं. मग एका वेळी एकच चमचा, आणि दर चमच्यानंतर मिनिटभर ढवळणं. भांड्याच्या कडा सुटू लागल्या की थांबा. गोळा तेव्हाही हाताला चिकटतो, आणि तो चिकटायलाच हवा. तिथून पुढचं काम हातांचं. पाच मिनिटं कणकेसारखा मळा. चिकटपणा आपोआप कमी होतो. तरीही चिकटला तर दहा मिनिटं गार जागी ठेवून परत बघा, आणि मगच अर्धा चमचा. कपातलं निम्म्याहून जास्त पाणी मला कधी लागत नाही. उरलेलं फेकायला जिवावर येतं म्हणून ते सगळं ओतू नका.

जास्त झालंच तर लिंबाचे दोन-तीन थेंब घालून मळा. आंबटपणाने बांधणी सुटते. पण थेंबच, अर्धं लिंबू नाही.

हेच लिंबू साफसफाईला कामी येतं. आपल्या घरात सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल जागोजागी असतात, आणि टॉवेलच्या फासांत शिरलेला स्लाइम कितीही घासला तरी आणखी आत जातो. घासू नका. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर समान पाण्यात मिसळून त्यावर ओता, दहा मिनिटांनी तो सैल पडतो, मग गार पाण्याने धुवा. चादर रंगीत असेल तर आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून रंग जातो का ते बघा. चादरीवर बसून खेळू न देणं सगळ्यात सोपं. खाली जुनी रद्दी पसरा.

खेळ झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, डब्यावर नाव लिहून. वास आला किंवा ठिपके दिसले की कचऱ्याच्या डब्यात टाका. मोरीत किंवा सिंकमध्ये कधीही नाही, पाइप तुंबतो.