'स्त्री की पुरुष' हे विचारतात, पण दर त्यावर ठरत नाही: ब्रिटनमध्ये कारचा विमा घेताना

ब्रिटनमध्ये कारच्या विम्याचा अर्ज भरायला घेतला की नाव आणि जन्मतारखेच्या मागोमाग लिंग विचारलं जातं. या उत्तरावरून हप्ता कमी-जास्त करायला २१ डिसेंबर २०१२ पासून बंदी आहे. तरीही सारख्याच वयाच्या जुळ्या बहीण-भावाला वेगवेगळे आकडे मिळू शकतात, आणि त्यात बेकायदा काही नसतं. हे कसं होतं ते कळलं की अर्जातल्या कोणत्या रकान्यावर डोकं लावायचं आणि कोणता सोडून द्यायचा, हेही कळतं.

नियम थोडक्यात

मूळ नियम युरोपीय संघाचा, २००४ सालचा. वस्तू आणि सेवा देताना स्त्री-पुरुष भेद करू नये, असं त्या निर्देशात होतं; पण विम्यासाठी एक पळवाट ठेवलेली होती. आकडेवारीचा भक्कम आधार असेल, तर सदस्य देशांना लिंगानुसार वेगळे दर चालू ठेवता येत. बेल्जियममधल्या तेस्त-आशा या ग्राहक संघटनेने त्याला आव्हान दिलं. गंमत अशी, की खटला आयुर्विम्याच्या कायद्यावर होता. कारचा त्यात विषयही नव्हता. १ मार्च २०११ रोजी युरोपीय न्यायालयाने ही पळवाट रद्द ठरवली आणि कंपन्यांना २१ डिसेंबर २०१२ पर्यंत मुदत दिली. ब्रिटनने आपल्या २०१० च्या समानता कायद्यात त्याप्रमाणे दुरुस्ती केली. संघातून बाहेर पडल्यावरही नियम तोच राहिला.

पैशांत याचा अर्थ काय होतो, ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. एका कंपनीकडे १०० तरुण चालक आहेत: ५० मुली, ५० मुलगे. मुलींचा दरडोई अपेक्षित दाव्याचा खर्च ४०० पौंड, मुलग्यांचा ८०० पौंड. पूर्वी दोन दर लागले असते. आता सगळ्यांना ६०० पौंड, म्हणजे मुलींना २०० जास्त आणि मुलग्यांना २०० कमी. पण याच कंपनीकडे ७० मुलगे आणि ३० मुली असतील, तर सरासरी ६८० पौंडांवर जाते. म्हणजे कंपनीकडे येणारा ग्राहकवर्ग कसा आहे, यावरही तुमचा दर ठरतो. स्त्रियांना नजरेसमोर ठेवून जाहिरात करणाऱ्या ब्रँडचा दर पाहण्यात म्हणूनच अर्थ आहे, आणि तो पुरुषांनीही पाहावा. जाहिरात कोणासाठीही असो, पुरुष आहे म्हणून विमा नाकारता येत नाही.

ही झाली सरळ सरासरी. प्रत्यक्षात कंपनी तेवढ्यावर थांबत नाही. लिंग वापरता येत नाही म्हटल्यावर ती ताकदीचं इंजिन, व्यवसाय, वर्षाचे मैल, रात्रीचं ड्रायव्हिंग, जुने अपघात आणि दंड यांकडे अधिक बारकाईने पाहते. युरोपीय आयोगाने २२ डिसेंबर २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्टच केलं होतं: मोठ्या इंजिनाच्या गाड्या पुरुष जास्त चालवत असले, तरी इंजिनाचा स्वतःचा जोखमीशी संबंध असल्यामुळे ते लक्षात घ्यायला हरकत नाही. जुळ्यांच्या हप्त्यातला फरक उरतो तो इथे.

वय आणि वैवाहिक स्थिती यांवर बंदी नाही. आकडेवारीचा विश्वासार्ह आधार असेल तर वयानुसार दर लावायला समानता कायदा परवानगी देतो. सेवांच्या बाबतीत विवाहित-अविवाहित हा भेद तर त्या कायद्याच्या संरक्षणात येतच नाही. त्यामुळे लग्न झालं, घटस्फोट झाला, की हप्ता हलू शकतो.

मग लिंग विचारतात कशाला? ओळख पटवायला, आपला हिशोब ठेवायला आणि जाहिरातीसाठी. दरासाठी न वापरता माहिती गोळा करायला मनाई नाही. तसंही तुम्ही लायसन्सचा नंबर दिलात की ते त्यांना कळतंच. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सच्या लायसन्सवर आडनावाच्या पाच अक्षरांनंतर जन्मवर्षाच्या दशकाचा एक अंक असतो आणि त्यापुढे जन्ममहिन्याचे दोन. स्त्री असेल तर महिन्याच्या पहिल्या अंकात ५ मिळवलेले असतात. मार्चमध्ये जन्मलेल्या पुरुषाच्या लायसन्सवर तिथे ०३ दिसेल, स्त्रीच्या लायसन्सवर ५३. आपलं लायसन्स काढून बघा.

स्वतः तपासून पाहा

दरांची तुलना करणाऱ्या एका संकेतस्थळावर पूर्ण खरी माहिती भरून दर मिळवा आणि पहिल्या पाच कंपन्यांचे आकडे लिहून ठेवा. मग त्याच दिवशी, तासाभराच्या आत, फक्त लिंग बदलून पुन्हा दर मागवा. आकडे तेच यायला हवेत.

आले नाहीत, तर आधी आपली चूक शोधा. नावाआधीचं मिस्टर-मिसेस बदलताना काही अर्जांत वैवाहिक स्थितीही रिकामी होते किंवा बदलते. विमा सुरू व्हायची तारीख एका दिवसाने सरकली तरी दर हलतो. नाव मात्र बदलू नका. कंपन्या नाव आणि पत्त्यावरून कर्जफेडीच्या आणि फसवणुकीच्या नोंदी तपासतात. नाव बदललं की ती जुळणी बिघडते आणि दर भलत्याच कारणाने फिरतो. हा प्रयोग एकदाच करा. एकाच माणसाचे तपशील वारंवार बदलताना दिसले, तर काही कंपन्यांना संशय येतो. आणि चाचणीचा अर्ज विकत घेऊ नका. विकत घ्यायचा तो शंभर टक्के खऱ्या माहितीचा.

ज्या रकान्यांत पैसा आहे

वर्षाचे मैल. बहुतेक जण अंदाजाने १०,००० ठोकून देतात. तीन वर्षांहून जुनी गाडी असेल तर दरवर्षीच्या एमओटी तपासणीत (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का, याची सक्तीची तपासणी) मीटरचा आकडा नोंदलेला असतो आणि तो इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. गेल्या वर्षी ३१,२४०, यंदा ३८,११५ असेल, तर फरक ६,८७५ मैल. ७,००० लिहा. नोकरी बदलून प्रवास वाढणार असेल तर तो मिळवा. मुद्दाम कमी लिहिण्यात शहाणपणा नाही. निष्काळजीपणाने चुकीची माहिती दिली, तर २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याने कंपनीला दाव्याची रक्कम प्रमाणात कापता येते. तुम्ही ६०० पौंड भरले आणि खऱ्या माहितीवर हप्ता ८०० झाला असता, तर तुम्हाला ७५ टक्केच मिळतील: ४,००० पौंडांच्या दुरुस्तीचे ३,०००. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल, तर पॉलिसीच रद्द आणि दाव्याचा एक पैसाही नाही.

व्यवसाय. लिंगाचा रकाना निकामी झाल्यावर याचं वजन वाढलं. यादीत एकाच कामाची तीन-चार नावं सापडतात आणि त्यांचे दर वेगळे असतात. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला 'शेफ' आणि 'किचन कर्मचारी' अशी दोन नावं खरी बसत असतील, तर दोन्हींवर दर पाहा आणि स्वस्त ते निवडा. घर सांभाळणाऱ्याने, मग ती बाई असो वा पुरुष, सवयीने 'बेरोजगार' निवडू नये. घर सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा पर्याय असतो आणि तो बऱ्याचदा स्वस्त पडतो. कसोटी एकच: उद्या दाव्याच्या वेळी फोनवर विचारलं, तर न अडखळता तेच नाव सांगता आलं पाहिजे.

दुसरा चालक. तरुण चालकाच्या पॉलिसीत अनेक वर्षांचा, स्वच्छ नोंदीचा चालक जोडला की हप्ता पुष्कळदा उतरतो. तो आई असो की वडील, दर लिंगावर ठरत नाही. म्हणून दोघांपैकी एकेकाचं नाव घालून पाहा. उलटं मात्र करायचं नाही. गाडी रोज मुलगा चालवतो आणि मुख्य चालक म्हणून आईचं नाव, याला तिथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती फसवणूक ठरते. २०१२ पूर्वी बहिणीच्या नावावर विमा स्वस्त पडे. ती जुनी युक्ती सांगणारे अजून भेटतात. ती तेव्हाही फसवणूकच होती, आता तर तिचा फायदाही उरलेला नाही. नवरा-बायको खरोखर निम्मी-निम्मी गाडी चालवत असतील, तर दोघांना आळीपाळीने मुख्य चालक दाखवून दर पाहायला हरकत नाही.

गाडी. ब्रिटनमध्ये विम्यासाठी गाड्यांचं जोखमीनुसार वर्गीकरण केलेलं असतं. गाडी घेण्याआधी नोंदणी क्रमांक टाकून दर पाहा, घेतल्यावर नव्हे. एकाच मॉडेलच्या लहान आणि मोठ्या इंजिनाच्या आवृत्त्या त्यात एकमेकींपासून बऱ्याच दूर असू शकतात.

विम्याचा प्रकार. फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा स्वस्त असेलच असं धरून चालू नका. तो जास्त जोखमीचे चालक निवडतात, हे कंपन्यांच्या आकडेवारीत दिसतं, म्हणून सर्वसमावेशक विमा कधी कधी स्वस्त निघतो. तिन्ही प्रकारांचे दर काढा: फक्त तिसऱ्या पक्षाचा, तिसऱ्या पक्षासोबत आग-चोरीचा, आणि सर्वसमावेशक.

नुकसानीतला आपला वाटा, म्हणजे पॉलिसीतला एक्सेस, ० , २५० आणि ५०० पौंड अशा तीन ठिकाणी तपासा. कंपनीने ठरवलेला सक्तीचा ३५० आणि तुम्ही निवडलेला स्वेच्छेचा २५० असेल, तर पहिले ६०० पौंड तुमच्या खिशातून जातात. २५० ने हप्ता फक्त २० पौंडांनी उतरत असेल, तर तो सौदा घाट्याचा.

वापराचा प्रकार भरताना एक चूक नेहमी होते: स्टेशनपर्यंत गाडीने जाऊन पुढे ट्रेन पकडत असाल, तर तोही नोकरीसाठीचा प्रवास धरला जातो. तो लिहिला तर फरक फारसा पडत नाही. न लिहिता स्टेशनच्या वाटेवर धडकलात, तर मात्र पंचाईत.

ब्लॅक बॉक्स

लिंगानुसार दर लावण्यावरच्या बंदीचा सर्वांत जास्त भार पडला तो काळजीपूर्वक चालवणाऱ्या तरुण मुलींवर. त्यांच्यासाठी खरा मार्ग हाच: तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही गाडी कशी चालवता याची नोंद होऊ द्यायची. गाडीत बसवलेलं उपकरण (हाच ब्लॅक बॉक्स) किंवा मोबाइलचं ॲप वेग, ब्रेकचे झटके, वळणं, वेळ आणि अंतर मोजतं आणि त्यावरून गुण देतं. घेण्याआधी चार गोष्टी लेखी पाहा: रात्री उशिरा चालवल्यास गुण किती जातात, मैलांची मर्यादा संपली तर जादा मैलांचा दर काय, उपकरण काढण्याचा आणि मध्येच पॉलिसी सोडण्याचा खर्च किती, आणि खराब गुणांवर कंपनी पॉलिसी रद्द करते का. शेवटचा मुद्दा सर्वांत महागात पडतो. 'तुमची पॉलिसी कधी कंपनीने रद्द केली आहे का?' हा प्रश्न पुढे अर्जांत येत राहतो, आणि 'हो' म्हटलं की बरेच दरवाजे बंद होतात. ॲप असेल तर आणखी एक खबरदारी: मित्राच्या गाडीत शेजारी बसलेले असतानाचा प्रवास तुमच्या नावावर नोंदला जातो, तो 'प्रवासी' म्हणून लगेच बदलून घ्या.

कधी घ्यावा, नूतनीकरणाला काय करावं

पॉलिसी संपण्याच्या तीन ते चार आठवडे आधी दर काढा. आदल्या दिवशी धावपळ करणारा ग्राहक कंपनीला जास्त जोखमीचा वाटतो. १ जानेवारी २०२२ पासून कंपनीला जुन्या ग्राहकाकडून त्याच मार्गाने (उदा. ऑनलाइन किंवा फोनवरून) येणाऱ्या नव्या ग्राहकापेक्षा जास्त हप्ता घेता येत नाही. तो नियम त्या एका कंपनीपुरता आहे; शेजारची कंपनी तरीही स्वस्त असू शकते. नूतनीकरणाच्या पत्रात मागच्या वर्षीचा हप्ता छापलेला असतो. दोन्ही आकड्यांत १२ टक्के विमा कर धरलेला असतो, म्हणून तुलना करताना तो वेगळा मिळवू नका. जमलं तर वर्षाची रक्कम एकदम भरा. मासिक हप्ते म्हणजे बहुधा व्याजाचं कर्ज.

लिंगावरूनच दर बदलला असं वाटलं तर

वरची चाचणी नीट केली, दुसरं काहीही बदललं नव्हतं आणि तरी आकडा फिरला, तर दोन्ही दरपत्रकांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपा. कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि एकच प्रश्न विचारा: या दोन दरांतला फरक कोणत्या घटकामुळे आला? कंपनीला अंतिम उत्तर द्यायला आठ आठवडे असतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (विमा-बँकांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेकडे) जा. ते फुकट आहे, फक्त अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवं. न्यायालयात जायचं असेल तर समानता कायद्याखालची मुदत घटनेपासून सहा महिन्यांना एक दिवस कमी अशी आहे, आणि ती कंपनीच्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये हा दावा काउंटी कोर्टात चालतो, स्कॉटलंडमध्ये शेरिफ कोर्टात.