बालूच्या इंडेक्सिंगमध्ये गेलेले माझे तीन आठवडे

बालू म्हणजे लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपचा फाइल-शोध; फायली वाचून तो शोधासाठी त्यांची सूची, म्हणजे इंडेक्स, बनवतो. त्यावर काम करायला येणारी नवी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "इंडेक्सर सीपीयू खातोय, प्रोफाइल (कुठल्या कोडमध्ये किती वेळ जातो याचा हिशोब) कसं काढू?" प्रश्न ऐकला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. मीही इथूनच सुरुवात केली होती.

पर्फ हे लिनक्सचं प्रोफाइल काढणारं साधन चालवलं. वेळ जात होता पीडीएफमधला मजकूर काढण्यात आणि त्याचे शब्द पाडण्यात. मग मी शब्द पाडणारा कोड दोनदा नव्याने लिहिला. वेग थोडा वाढला, फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं, तर पंखा पुन्हा तसाच घोंघावतोय.

आता नीट वाचा, कारण मी इथेच अडकलो. बालू फाइल नावावरून ओळखत नाही. डिव्हाइस नंबर (फाइल कुठल्या डिस्क-विभागावर आहे) आणि आयनोड नंबर (त्या विभागातला फाइलचा क्रमांक) जोडून तो 64 बिटांचा एक आयडी बनवतो. साध्या पार्टिशनवरच्या ईएक्सटी4 या फाइल सिस्टिममध्ये डिव्हाइस नंबर सहसा तोच राहतो. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये मात्र प्रत्येक सबव्हॉल्यूमला (तिच्या आतल्या स्वतंत्र भागाला) माउंट होताना, म्हणजे जोडला जाताना, कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या वेळी मोकळा असलेला नंबर देतो. रीबूटनंतर माउंटचा क्रम बदलला की नंबरही बदलू शकतो. फाइल तीच, आयनोड तोच, तरी बालूच्या लेखी फाइल नवी! माझं होम फोल्डर बीटीआरएफएसवर होतं. म्हणजे वर्षानुवर्षं हात न लावलेल्या फायली रोज सकाळी पहिल्यापासून वाचल्या जात होत्या.

ग्रंथालयातल्या कपाटांचे क्रमांक रोज बदलले आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक कपाटावरून ठरत असेल, तर ग्रंथपाल रोज सगळी पुस्तकं नव्याने नोंदवत बसेल. मी तीन आठवडे त्याला भरभर लिहायला शिकवत होतो. पर्फ खोटं बोलत नव्हतं, पण ही फाइल कालच वाचून झाली आहे हे त्याला कुठून कळणार?

म्हणून पर्फच्या आधी हे करा. एका जुन्या फाइलवर स्टॅट ही कमांड चालवून डिव्हाइस आणि आयनोड नंबर लिहून ठेवा, रीबूट करा, पुन्हा बघा. बालूसीटीएल या बालूच्या कमांडच्या मॉनिटरमध्ये जुन्याच फायलींची नावं सरकताना दिसली, तर तिथेच थांबा. शोधात एकच फाइल दोनदा येत असेल, तर जुन्या नंबरची नोंद अजून आत पडून आहे. पुढे बालूने शक्य तिथे फाइल सिस्टिमची स्वतःची ओळख वापरायला सुरुवात केली. तरी जुना फुगलेला इंडेक्स पर्ज करून (पुसून) नव्याने बांधल्याशिवाय मोजमापाला बसू नका.

"बालू बंदच करून टाका" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. त्याने दुखणं झाकलं जातं आणि बग कुणी नोंदवतच नाही. फारच अडलं तर मजकूर सोडून फक्त फायलींची नावं इंडेक्स करा. मार्गदर्शक निवडतानाही दुखणं झाकणारा नको. मला तयार पॅच (कोडमधला बदल) देणारे दोघे भेटले, त्यांचा उपयोग झाला नाही. तिसऱ्याने एवढंच विचारलं, "काल वाचलेल्या आणि आज वाचलेल्या फायलींच्या यादीत फरक काय?" असा माणूस भेटला तर त्याला सोडू नका.

काही गोष्टींना मात्र घाबरू नका. टॉप या कमांडमध्ये बालूची मेमरी प्रचंड दिसते, कारण एलएमडीबी, म्हणजे बालू ज्यात इंडेक्स ठेवतो तो डेटाबेस, आपली फाइल थेट मेमरीत मॅप करतो. गरज पडली की कर्नल ती पानं (मेमरीचे ठरावीक तुकडे) परत घेतं. नोंदी पुसल्या तरी इंडेक्सची फाइल लहान होत नाही, मोकळी पानं पुन्हा वापरली जातात. पण एखादं रीड ट्रान्झॅक्शन (डेटाबेस वाचण्याचा एक व्यवहार) तासन्‌तास उघडं राहिलं, तर ती वापरता येत नाहीत आणि फाइल फुगत जाते. हा खरा बग, तो जरूर शोधा.

फायलींमधले बदल बालूला आयनोटिफाय या कर्नलच्या सोयीतून कळतात. ती उपफोल्डर आपोआप बघत नाही. प्रत्येक फोल्डरला वेगळा वॉच (पहारा) लागतो. कर्नल 5.11 च्या आधी वॉचची मर्यादा सहसा 8192 असायची, आणि नोड मॉड्यूल्ससारखं (जावास्क्रिप्ट प्रकल्पातलं, असंख्य उपफोल्डरांचं) एखादं फोल्डर तेवढे एकट्याने संपवतं. असली फोल्डरं वगळा.

दुसऱ्यांदा चालवल्यावर मिळणाऱ्या वेगावर विश्वास ठेवू नका, फायली तेव्हा कॅशेत (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) असतात. प्रत्येक फेरीआधी कॅशे रिकामा करा, आणि पॅचसोबत रीबूटच्या आधीचे व नंतरचे दोन्ही आकडे पाठवा. माझा पहिला पॅच दुसरा आकडा नाही म्हणूनच परत आला होता.