गरोदरपणातलं घोरणं: मला कशाने आराम पडला

सहाव्या महिन्यापासून मी घोरायला लागले, आधी कधीच नव्हते. सर्दी नसतानाही नाक चोंदलेलं आणि पहाटे घशाला कोरड. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं, अंगातलं रक्तही वाढून जवळजवळ दीडपट होतं. त्याने नाकाचं आतलं अस्तर सुजतं आणि श्वासाची वाट अरुंद होते.

सगळ्यात जास्त फरक पडला तो डाव्या कुशीवर झोपल्याने. पाठीशी लोड, गुडघ्यांमध्ये उशी. डोक्याखाली नुसती दुसरी उशी घेतली की मान दुमडते, म्हणून नवऱ्याने गादीखालीच उशाच्या बाजूला सतरंजीची जाड घडी सरकवली. खांद्यापासून वरचा सगळा भाग छान उचलला गेला. शिवाय झोपण्याआधी नाकात सलाईनचे थेंब. बंद नाक उघडणारे औषधी स्प्रे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नकोत.

आणि हे कळकळीने सांगते: घोरणं नव्याने सुरू झालं असेल तर तपासणीच्या वेळी न लाजता सांगा. वाढत्या रक्तदाबाशी त्याचा संबंध असू शकतो. माझा बीपी सुदैवाने ठीक निघाला. पण तो १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा-हात अचानक सुजले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. झोपेत श्वास अडकतोय का, हे आपलं आपल्याला कळत नाही. घरातल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा.