कारेल चापेक वाचायचा तर कोणत्या क्रमाने?

ज्या नाटकाने जगाला ‘रोबोट’ हा शब्द दिला, त्याच नाटकापासून चेक लेखक कारेल चापेक (१८९०–१९३८) वाचायला घ्यावा, असे बहुतेकांना वाटते. हा मोह आवरावा. विज्ञानकथाकार चापेक आणि रहस्यकथाकार चापेक असे दोन कप्पे केले, की दोन्हीकडे तो एकाच प्रश्नामागे आहे हे सुटून जाते. माणसाला सत्य कळते ते नेमके कसे, आणि कितपत, हा तो प्रश्न.

सुरुवात १९२९ मधल्या दोन कथासंग्रहांपासून करावी. एका संग्रहाच्या नावात ‘एका खिशातल्या’ गोष्टी आहेत, दुसऱ्याच्या नावात ‘दुसऱ्या खिशातल्या’; गोष्टी मात्र सगळ्या लहान लहान. त्यांतली ‘कवी’ ही गोष्ट आधी काढावी. तिचा उलगडा इथे करावा लागतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पहाटे एक मोटार एका बाईला उडवून पसार होते, साक्षीदारांचा मेळ बसत नाही, आणि नशेत असलेल्या कवीला काहीच आठवत नाही. त्याने त्या रात्री फक्त एक कविता लिहिलेली असते. हंसाची मान, स्तन, ढोल आणि झांजा अशा तिच्यातल्या प्रतिमा पोलीस अधिकारी पुन्हा पुन्हा वाचतो आणि त्यांच्या आकारांतून २, ३, ५ हे अंक हाती येतात. गाडीचा क्रमांक २३५. इथे तर्कापेक्षा डोळ्यांनी नकळत टिपलेले चित्र खरे ठरते, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

त्यानंतर दोन गोष्टींची एक जोडी सलग वाचावी. १९१७ च्या संग्रहातल्या एका गोष्टीत बर्फावर एकच पाऊल उमटलेले आहे, आजूबाजूला दुसरे नाही, आणि त्याचा अर्थ अखेरपर्यंत लागत नाही. १९२९ च्या गोष्टीत असेच मध्येच थांबलेले ठसे एक गृहस्थ पोलिसांना दाखवतो, तेव्हा अधिकारी सांगतो की पोलिसांना गूढाशी कर्तव्य नसते, सुव्यवस्थेशी असते. बारा वर्षांत लेखकाचा सूर किती बदलला, हे या जोडीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आता ‘रोबोट’ शब्द देणारे ते नाटक, ‘आर. यू. आर.’ (१९२०), उघडावे, पण डोक्यातली लोखंडी माणसे बाजूला ठेवून. हे रोबोट धातूचे नाहीत. ते रासायनिक प्रक्रियेने बनवलेले, दिसायला माणसासारखेच असलेले मजूर आहेत. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार, आणि हा शब्द कारेलला सुचवला तो त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने. पुढे १९३६ ची सॅलमँडरांवरची (पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्यांवरची) कादंबरी घ्यावी. तिच्यात वृत्तपत्रांतली कात्रणे आणि तळटिपा भरलेल्या आहेत; कंटाळा आला तरी त्या गाळू नयेत, कारण चापेक १९२१ पासून ‘लिदोवे नोविनी’ या दैनिकात काम करत होता आणि बातमी माणसाला कशी बधिर करते, हे त्याने आतून पाहिले होते. वेळ कमी असेल तर ‘क्राकातित’ (१९२४) ही कादंबरी नंतरसाठी ठेवली तरी चालेल.

‘होर्दुबाल’ (१९३३) ही कादंबरी मात्र शेवटीच वाचावी. अमेरिकेतून गावी परतलेल्या एका शेतकऱ्याचा खून होतो, तपास होतो, खटला चालतो, निकालही लागतो. पण तपासणीसाठी पाठवलेले त्याचे हृदय वाटेत कुठेतरी हरवते आणि कधीच पुरले जात नाही.