एम-वन गॅरंड घेताना, काडतुसं भरताना आणि तिचा इतिहास शोधताना: या चुका टाळा

नवीन गॅरंडवाला ओळखायचा असेल तर त्याचा उजवा अंगठा बघावा. नख काळंनिळं असेल तर रायफल घरी येऊन महिनाही झालेला नाही असं खुशाल समजावं. माझंही झालं होतं, आणि तेसुद्धा गोळीबार करताना नाही, जेवणाच्या टेबलावर बसून रायफल पुसताना.

एम-वन गॅरंड ही अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारलेली अर्धस्वयंचलित रायफल. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड सरकारी कारखान्यात जॉन गॅरंड यांनी ती घडवली. हे गृहस्थ मूळचे कॅनडातल्या क्वेबेकचे. पन्नास लाखांहून जास्त रायफली निघाल्या, पण त्यांना रॉयल्टीचा एक डॉलरही मिळाला नाही. आठ काडतुसं एका पत्र्याच्या क्लिपमध्ये बसतात, ती क्लिप अख्खीच आत जाते आणि आठवी गोळी सुटली की ‘टिंग’ करून बाहेर उडते. त्या ‘टिंग’च्या मोहाने लोक घेतात आणि मग तिला आजकालच्या रायफलीसारखी वागवतात. घोळ बहुतेक तिथेच होतो.

घेण्याआधीची घाई

अमेरिकेतले आपले लोक पहिला प्रश्न विचारतात तो व्हिसाचा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक ठरलेला अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना दुकानातून घेता येते, पण राज्याराज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सी आणि टेक्सास एकाच देशात आहेत यावर विश्वास बसू नये इतके वेगळे.

सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, म्हणजे सीएमपी, ही संस्था सैन्याकडून परत आलेल्या गॅरंड विकते. अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनला आणि ओहायोतल्या कॅम्प पेरीला तिची दुकानं आहेत. तिथे ग्रीन कार्ड चालत नाही, नागरिकत्व लागतं. शिवाय संलग्न क्लबचं सदस्यत्व आणि नेमबाजीत भाग घेतल्याचा पुरावा. कागद अर्धवट ठेवून चारशे मैल गाडी हाकत जाणारे मी पाहिले आहेत.

खाजगी माणसाकडून घेताना सगळे लाकडाकडे बघतात. बघायची असते नळी. तोंडाची झीज आणि गळ्याची (काडतुसापुढे जिथून गोळी नळीत शिरते त्या भागाची) झीज मोजायला वेगवेगळे गेज मिळतात. नळीच्या तोंडात काडतुसाची गोळी खुपसून ती किती आत जाते हे बघण्याचा जुना प्रकार अंदाजापुरता ठीक आहे, पण गळ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. आणि कॅलिबर नळीवर वाचून घ्या. मूळ रायफल थर्टी-ऑट-सिक्स या काडतुसाची, पण अमेरिकन नौदलाने काही रायफली ७.६२ नाटो काडतुसासाठी बदलून घेतल्या होत्या. गृहीत धरू नका.

अंगठ्याचं गणित

भरताना उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ऑपरेटिंग रॉडच्या (बोल्टला मागेपुढे नेणाऱ्या दांड्याच्या) मुठीवर टेकवायची, बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा ठोकळा, मागे रोखून धरायचा आणि अंगठ्याने क्लिप खाली दाबायची. अंगठा काढला की मग हात सोडायचा. काही रायफलींत बोल्ट आपणहून पुढे जात नाही, मुठीला तळव्याने एक ठोसा द्यावा लागतो. हा बिघाड नव्हे, घट्टपणा आहे.

खरा सापळा रिकाम्या रायफलीत. बोल्ट मागे अडकलेला असतो आणि आत क्लिप नसते. अशा वेळी आतली, काडतुसं वर ढकलणारी फॉलोअर-पट्टी बोटाने दाबली गेली की बोल्ट सुटतो. पुसताना चिंधी आत घातली, पट्टी दबली, खटका सुटला. माझं नख असं गेलं.

मिळेल ते काडतूस घालणं

ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

गॅरंडच्या नळीला तोंडाजवळ, जेमतेम दीड इंच आधी, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून गेली की मागचा वायू भोकातून गॅस सिलिंडरमध्ये शिरतो (स्वयंपाकघरातला नव्हे), आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. भोक इतकं पुढे असल्याने तिथे पोचेपर्यंत वायूचा दाब किती उरला यावर सगळा खेळ. १९३० च्या दशकात हे माप सैन्याच्या काडतुसावर बेतलं. युद्धातलं नेहमीचं एम-टू बॉल हे १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आसपासच्या गोळीचं आणि मध्यम गतीने जळणाऱ्या दारूचं.

शिकारीसाठी मिळणारी थर्टी-ऑट-सिक्सची काडतुसं बऱ्याचदा १८० ग्रेनची किंवा त्याहून जड असतात आणि त्यांत सावकाश जळणारी दारू असते. चेंबरमधला (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेतला) कमाल दाब मर्यादेत असतो, डब्यावर काही इशारा नसतो, बोल्टवाल्या, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या, रायफलीत ती झकास चालतात. पण सावकाश जळणारी दारू नळीच्या तोंडाशीही जोर धरून असते. त्यामुळे ऑपरेटिंग रॉडला दणका बसतो आणि तो वाकतो. आधीच त्याला मुद्दाम बाक दिलेला असतो, त्यामुळे आणखी वाकला तर डोळ्याला कळत नाही. रायफल अडकायला लागते तेव्हा कळतं.

म्हणून विकत घेताना गॅरंडसाठी म्हणून विकली जाणारी काडतुसं घ्या. रिकाम्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) घरी पुन्हा भरणार असाल तर आयएमआर ४८९५ किंवा ४०६४ या गटातली दारू आणि साधारण १५० ते १७५ ग्रेनची गोळी, आणि तेही रिलोडिंग मॅन्युअलमध्ये ‘एम-वन गॅरंड’ असा स्वतंत्र तक्ता असेल त्यातूनच. थर्टी-ऑट-सिक्सचा सर्वसाधारण तक्ता वापरू नका. कुणा मित्राचा ‘माझ्याकडे मस्त चालतो’ असा आकडा तर मुळीच नको. दाब कमी करणारे, स्क्रूने जुळवायचे गॅस प्लग मिळतात. चांगले आहेत, पण तो बसवला म्हणजे काहीही चालेल असं नाही.

युद्धकाळातली स्वस्त पेटी मिळाली तर वेगळीच काळजी. थर्टी-ऑट-सिक्सच्या त्या अमेरिकन काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टिकलीतून) जळल्यावर मीठ उरतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून नळीला गंज चढवतं. तेलाने मीठ विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. त्याच संध्याकाळी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचायची सवय लावा: ‘एलसी’ म्हणजे मिसुरीतला लेक सिटी कारखाना, पुढे सालाचे आकडे. एकदा जुन्या शस्त्रांच्या बाजारात थ्री-नॉट-थ्रीच्या ढिगात मला ‘के एफ’ दिसलं. आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं! पुण्याहून ओहायोपर्यंत माझ्याआधी कोण आलं होतं, ते कळलं.

प्रायमर आणि पुंगळी

गॅरंडच्या फायरिंग पिनला मागे धरणारी स्प्रिंग नाही. ती मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती जडत्वाने पुढे येते आणि प्रायमरला टिचकी मारते. न उडवलेलं काडतूस बाहेर काढून उजेडात धरा, प्रायमरच्या मध्यावर मोहरीएवढा खड्डा दिसेल. तो दिसणं ठीकच आहे. पण प्रायमर मऊ पत्र्याचा असेल, किंवा खोबणीत पूर्ण न बसता किंचित वर राहिला असेल, तर ती टिचकी पुरते आणि चाप न ओढता गोळी सुटते. सैनिकी दर्जाचा कठीण प्रायमर वापरा (सीसीआयचा ३४ नंबर याचसाठी आहे), आणि भरलेल्या प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर कडेपेक्षा कणभर खाली लागला पाहिजे. सैन्याच्या जुन्या पुंगळ्यांत प्रायमर दाबून पक्का केलेला असतो. तो काठ आधी साफ केला नाही तर नवा प्रायमर नीट बसत नाही, आणि पुन्हा तीच गोष्ट.

याच कारणाने एकच काडतूस चेंबरमध्ये टाकून त्यावर बोल्ट सोडायचा नाही. क्लिपमधून काडतूस ओढून नेताना बोल्टचा वेग मोडतो, मोकळ्या चेंबरवर तो पूर्ण जोराने आदळतो. एकेक झाडायची असेल तर एका काडतुसाची क्लिप मिळते.

पुन्हा भरताना पुंगळी दर वेळी फुल-लेंग्थ डायमधून, म्हणजे अख्खी पुंगळी मापात आवळणाऱ्या साच्यातून, काढा. नुसती मान आवळणं बोल्टवाल्यांसाठी, इथे नाही. पण डाय प्रेसला टेकेपर्यंत खाली फिरवून ‘झालं’ म्हणणं ही उलट बाजूची चूक. खांदा (पुंगळीच्या मानेखालचा उतार) गरजेपेक्षा मागे जातो आणि प्रत्येक बारीला पुंगळी बुडाजवळ ताणली जाते. खांद्याची जागा मोजणारं केस गेज घ्या. उडालेल्या पुंगळीपेक्षा खांदा तीन ते पाच हजारांश इंच मागे गेला की पुरे. लांबी २.४९४ इंचाच्या वर गेली की २.४८४ वर कापा.

गेल्या हिवाळ्यात मी वीस पुंगळ्या टेबलावर ओळीने मांडल्या, सगळ्या चार-चार वेळा भरलेल्या. दोघींच्या बुडापासून अर्ध्या बोटावर एक चकचकीत कडं दिसत होतं, पितळेला कुणी नखाने घासावं तसं. पेपर क्लिप सरळ केली, टोकाला बारीक आकडा वळवला आणि आतून भिंतीवरून वर ओढला. कड्याच्या जागी आकडा खट्कन अडकला. आत खाच पडली होती. पुढच्या बारीला बूड वेगळं झालं असतं आणि पुढचा तुकडा चेंबरमध्ये राहिला असता. वीसच्या वीस भंगारात टाकल्या, अठरा चांगल्या दिसत होत्या तरी.

अडकते तेव्हा

पुंगळी बाहेर पडत नाही, किंवा पुढचं काडतूस वर येत नाही? लोक आधी एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा) बदलतात. आधी गॅस सिलिंडरच्या टोकाचा लॉक-स्क्रू ढिला झालाय का बघा, माझ्या अनुभवात निम्मे रोग तिथे बरे होतात. मग ऑपरेटिंग रॉडची स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवा. आखूड किंवा वाकडीतिकडी झाली असेल तर बदला, काही डॉलरचं काम. त्यानंतर पिस्टनच्या झिजेचा विचार. क्लिप वेळेआधीच उडून जात असेल तर क्लिप-लॅच (क्लिप धरून ठेवणारी खिट्टी) आणि तिची स्प्रिंग बघा, आणि त्याआधी दुसरी क्लिप लावून बघा, कारण वाकलेल्या क्लिपा बाजारात भरपूर.

गॅरंडला तेल नव्हे, ग्रीस लागतं. बोल्टचे कान, रॉडची चालण्याची खाच, नळीला रॉड घासतो ती जागा. तेल तापल्यावर वाहून जातं. उलट पिस्टन आणि गॅस सिलिंडर कोरडे ठेवा. सिलिंडर उगाच काढूही नका, नळीवरची त्याची पकड सैल झाली की पुढचं साइट हलतं आणि नेम गेलाच. नळी तोंडाकडूनच साफ करावी लागते, म्हणून सळईला गाइड लावा, नाहीतर साफसफाईनेच तोंड झिजतं.

इतिहास शोधताना

रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात चालतो त्या मुख्य सांगाड्याच्या) मागच्या टाचेवरचा नंबर इंटरनेटवरच्या तक्त्यात शोधायचा, साल मिळालं की आजोबांच्या पदकासारखं मिरवायचं. इथे भले भले फसतात. विंचेस्टर या खाजगी कंपनीच्या शेवटच्या गॅरंड रायफली बघा, संग्राहक त्यांना ‘विन-थर्टीन’ म्हणतात. नंबर सोळा लाखांच्या घरातला, म्हणजे स्प्रिंगफील्डच्या तक्त्यात १९४३, पण त्या बनल्या १९४५ मध्ये. कारखान्यांना नंबरांचे गठ्ठे वाटून दिलेले असत. त्यामुळे आधी बनवणारा कोण हे वाचा, मग नंबर. ‘स्प्रिंगफील्ड आर्मरी’ या नावावरही अडखळायला होतं. सरकारी कारखाना १९६८ ला बंद झाला, तिथे आता राष्ट्रीय वारसास्थळ आणि संग्रहालय आहे. आज त्या नावाने बंदुका विकणारी इलिनॉयमधली खाजगी कंपनी नंतरची.

रॉड मागे ओढला की नळीच्या उजव्या बाजूला महिना आणि साल दिसतं. रिसीव्हर १९४३ चा आणि नळी १९५२ ची, असं निघालं तर नाराज होऊ नका. जवळपास प्रत्येक रायफल सैन्याच्या दुरुस्ती कारखान्यातून एकदा तरी गेली, आणि तिथे सुटे भाग टोपलीतून उचलून बसवत. भेसळ हाच तिचा खरा इतिहास. उलट सगळे भाग एकाच महिन्याचे निघाले तर संशय घ्या, कारण जुळणारे भाग जमवून ‘अस्सल’ रायफल तयार करणं हा जुना धंदा आहे. दस्त्यावरचे तपासणीचे शिक्केही नव्याने मारलेले मिळतात. एकाने मला १९४५ ची रायफल दाखवली, दस्त्यावर ‘एसए’ (स्प्रिंगफील्ड आर्मरी) आणि खाली ‘जीएचएस’. ही कारखानाप्रमुखाची अद्याक्षरं युद्धाच्या सुरुवातीची, १९४५ च्या सुमाराला ‘एनएफआर’ असतं. दस्ता दुसरीकडचा, किंवा शिक्का. किंमत मात्र अस्सलची सांगत होता.

दस्त्याला पॉलिशपेपर लावू नका. शिक्के, खरचटणं, कुणी कोरलेली अक्षरं, सगळं एका दुपारी जातं. पोचा पडला असेल तर ओलं फडकं ठेवून इस्त्रीचं टोक टेकवा, लाकूड फुगून वर येतं. मग जवसाचं तेल, हाताने, थोडंथोडं.

भारतात जाताना

ही रायफल भारतात नेण्याचा विचार सोडा. अशा अर्धस्वयंचलित रायफली तिथे प्रतिबंधित गटात येतात. पण चूक रायफलीची होत नाही, बॅगेची होते. रेंजवर नेलेली पाठपिशवी विमानात घेऊन निघालेले लोक मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर एका काडतुसापायी पोलीस ठाण्यात बसतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या निघण्याच्या आदल्या रात्री बायकोने माझी बॅग अंथरुणावर उलटी केली आणि झटकली. अस्तराच्या फाटक्या शिवणीतून एक रिकामी पुंगळी घरंगळत उशीपाशी गेली. तेव्हापासून रेंजची बॅग भडक लाल आहे आणि ती गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते.